दारे धरणाऱ्याचे पाय

डिसेंबरातला सकाळचा पहिला तास होता. आम्ही जिंतूरच्या परिसरात मराठी शिकवतो. त्या दिवशी वर्गात आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) चालू होती. शेतात यंत्र येते आणि माणूस व जनावरे यांचा जुना गोतावळा विस्कटतो, हे सूत्र आम्ही मोठ्या तन्मयतेने उलगडून दाखवत होतो. तिसऱ्या बाकावरचा एक विद्यार्थी शांतपणे झोपला होता. विद्यार्थ्याची झोप ही अध्यापनावरची सर्वांत प्रामाणिक टीका असते, असे आम्ही एकमेकांना गमतीने म्हणतो. तास संपल्यावर त्याला थांबवून कारण विचारले. तो ओशाळून म्हणाला, "सर, या हप्त्यात रातची लाईट हाय. पहाटपर्यंत गव्हाला दारं धरलं, तसाच आंघोळ करून आलो."

त्याच्या पायांत रबरी स्लिपर होत्या. बोटे पाण्यात भिजून पांढुरकी आणि सुरकुतलेली झाली होती. टाचांच्या भेगांत काळी माती अशी बसली होती की धुऊनही निघू नये. जाता जाता त्याने आम्हालाच विचारले, "गमबूट घ्यावं म्हणतोय सर. कोणते घ्यावेत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ग्रामीण साहित्यातील वास्तवावर आम्ही तासभर बोलू शकतो. पण हिवाळ्याच्या रात्री ओल्या शेतात उभे राहणाऱ्या माणसाने पायांत काय घालावे, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात कधी आला नव्हता. मग आम्हाला वाटले की हा प्रश्न इतक्या उशिरा, २१व्या शतकात, एका पदवीच्या विद्यार्थ्याला का पडावा? त्याच्या आजोबांना तो का पडला नाही? की पडला होता, आणि निवडायलाच काही नव्हते? प्रस्तुत लेख या शोधातून झाला आहे.

आमची सवय शब्दांपासून सुरुवात करण्याची. संस्कृतातल्या 'उपानह्'पासून आपली 'वहाण' आली. 'अनवाणी' हा शब्द तिच्याच अभावातून घडला. म्हणजे वहाण नसण्यालाही भाषेने स्वतंत्र नाव दिले. 'पादत्राणा'चे 'पायताण' झाले. फारसीतून 'पायपोस' आला आणि 'कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही' या वाक्प्रचारात कायमचा राहिला. जोडा, चढाव, खेटर, खडावा, चप्पल अशी यादी वाढत जाते. वाक्प्रचारांकडे पाहावे तर पादत्राण हे मराठीत मानापमानाचे केवढे मोठे साधन आहे हे ध्यानात येते. जोडे मारतात, जोडे झिजवतात, वहाणा उचलतात. आणि ज्याला त्याच्या जागी ठेवायचे त्याच्याबद्दल 'पायीची वहाण पायीच बरी' असे म्हणतात. अपमान, लाचारी, पायपीट, पायरी हे सारे या शब्दसंसारात आहे. पाणी मात्र कुठेही नाही. पावसापासून डोके आणि पाठ वाचवायला घोंगडी आहे, इरले आहे, छत्री आहे. ओल्यात पाय वाचवणाऱ्या वस्तूला जुन्या मराठीत रूढ असा शब्द आम्हाला सापडत नाही. 'गमबूट' हा शब्द आपण वस्तूसकट बाहेरून घेतला.

हा योगायोग नसावा. पादत्राण कशासाठी जन्माला आले, याची आपल्या परंपरेने सांगितलेली कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. जमदग्नी बाण सोडतात आणि रेणुका ते वेचून आणते. माथ्यावर ज्येष्ठातले ऊन. तिचे डोके आणि पाय पोळतात, ती क्षणभर झाडाखाली थांबते आणि तिला उशीर होतो. संतापलेले ऋषी सूर्यावरच बाण रोखतात. सूर्य ब्राह्मणाच्या रूपात शरण येतो आणि त्यांना छत्र आणि उपानह देतो. त्याच रेणुकेचे ठाणे आमच्याकडून फार दूर नाही; माहूरची वाट मराठवाड्यातली असंख्य माणसे आजही नवसापोटी अनवाणी चालतात. ज्या देवीच्या पायांसाठी पादत्राण जन्मले, तिच्याकडे पादत्राण काढून जायचे, ही भक्तीची रीत आहे आणि तिच्याशी आमचा वाद नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की या कथेतले पादत्राण उन्हाविरुद्धचे आहे. त्यात भर काट्यांची घालता येईल. चिखल आणि गारठा यांचा तिथे विचार नाही.

दुसरा पुरावा मूर्तींचा. चारठाण्याच्या यादवकालीन मंदिरांकडे विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा मूर्तिशास्त्राच्या ओघात आम्ही सूर्याच्या बुटांची गोष्ट हमखास सांगतो. भारतीय देवता बहुतेक अनवाणी असतात. उत्तरेकडच्या परंपरेतला सूर्य मात्र गुडघ्यापर्यंत उंच बूट घालतो. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त त्याचा वेश 'उदीच्य' म्हणजे उत्तरेकडचा सांगितला आहे. शक-कुषाणांच्या काळात मध्य आशियातून आलेल्या पेहरावाची ती खूण, असे अभ्यासक मानतात. दक्षिणेकडे येताना तोच सूर्य पुष्कळदा अनवाणी होतो. थंड प्रदेशातला उंच बूट आपल्याकडे आला तो देवाच्या पायात आला आणि दगडातच राहिला. शेतात उतरला नाही.

कोणी म्हणेल, इथे हवाच उष्ण. थंडी अशी किती असते? परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबर २०१८मध्ये पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची नोंद आहे. जिंतूरच्या टेकड्यांखालच्या खोलगट शिवारात त्या रात्री पाटाच्या पाण्यात पाय ठेवून उभे राहिलेल्याला कोरड्या थंडीचा आकडा काहीच सांगत नाही. आपला हिवाळा बेताचा खरा. पण रब्बीचे पाणी त्याच हिवाळ्यात द्यायचे असते. गहू, हरभरा, ज्वारी यांची निकड आणि वर्षातला सगळ्यात गार काळ एकत्र येतात.

आता प्रश्न असा की पाणी अडवील असे चामडे करण्याची विद्या आपल्याकडे नव्हती का? इथे इतिहास थोडा अडवतो आणि विचार करायला लावतो. ती विद्या होती, उत्तम होती, आणि गावागावांत होती. तिचे नाव मोट.

मोट पाहिलेली पिढी आता उतारवयाची आहे, म्हणून थोडे सांगतो. विहिरीतून पाणी काढण्याचे हे चामड्याचे मोठे पात्र. वर रुंद तोंड, त्याला लोखंडी कडे. खाली निमुळती सोंड. जाड दोर तो नाडा, सोंडेचा बारीक दोर तो सोंदूर. बैल धावेवरून खाली उतरत गेले की मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. दिवसभरात अशा कितीतरी खेपा. कातडे कमवण्यासाठी बाभळीची, तरवडाची साल वापरीत, हिरडाही असे. शिवण चामड्याच्या वादीची. तेल पाजून कातडे मऊ ठेवायचे, म्हणजे ते वाळून तडकत नाही. हीच विद्या पखालीत होती, तेला-तुपाच्या बुधल्यांत होती. पाणी आत धरून ठेवणारे चामडे आपल्या कारागिराने शतकानुशतके केले. मग पाणी बाहेर ठेवणारे चामडे पायांसाठी का केले नाही?

याचे एक उत्तर तांत्रिक आहे. मोट सतत ओलीच असते. चामड्याचे खरे नुकसान एकसारखे भिजण्यापेक्षा भिजणे आणि वाळणे यांच्या फेऱ्यांनी होते, आणि पायातल्या वहाणेच्या नशिबी नेमके तेच येते. तळाची शिवण चिखलात झिजते, टाके उसवतात, कातडे फुगते आणि उन्हात वाळून लाकडासारखे होते. शिवाय मोट थोडी पाझरली तर कोणाचे बिघडत नाही. चार थेंब विहिरीतच पडतात. पादत्राणात मात्र एक टाका पाझरला तरी सारा उपयोग संपतो. म्हणून पावसाळा लागला की वहाणा खुंटीला जात आणि माणसे अनवाणी शेतात जात. महागाची वस्तू वाचवायची, पाय काय, फुकटचे असतात.

त्यातही आमची माती काळी. ही चिकण माती ओली झाली की फुगते आणि पायाला लोंदे होऊन चिकटते. दहा पावले टाकावीत तो वहाणेखाली शेराचे वजन होते. ओल्या काळ्या रानात वहाण अडचणच करते. शिवाय दारे धरणाऱ्याचा पाय हे एक अवजार आहे. खोऱ्याने माती ओढून दारे बांधायचे आणि टाचेने दाबून पक्के करायचे. अंधारात वाफ्याच्या टोकाला पाणी पोहोचले की नाही, हे डोळ्यांआधी पायाला कळते. थंडीत विहिरीचे पाणी उपसताना कोमट असते, पाटातून जाता जाता गार होते. जुना जाणता पाण्याच्या उबेवरून ते किती लांबून आले ते सांगतो. उघड्या पायाला एक ज्ञान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु तेवढ्यावर थांबलो तर आम्ही साहित्याच्या मास्तरांची नेहमीची चूक करू. अभावाला ज्ञानाचा मुलामा दिला की अभाव सुसह्य वाटतो. वाचणाऱ्याला वाटतो, सोसणाऱ्याला नव्हे. त्याच ज्ञानी पायाला चिखल्या होतात, भेगांतून रक्त येते, अंकुशकृमी उघड्या तळव्यातून शरीरात शिरतात आणि रक्त शोषतात. म्हणून उत्तराचा दुसरा भाग समाजाच्या रचनेत शोधावा लागतो.

चामड्याची विद्या ज्यांच्या हातात होती, त्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था तपशिलाने येते, तीत चांभाराचे काम ठरलेले आणि मोबदलाही ठरलेला. खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. बदल्यात कुणब्याचे जोडे, मोटेची डागडुजी, आसूड, वाद्या. काही भागांत कातडे कमावण्याचे आणि मोट शिवण्याचे काम ढोर समाजाकडे. अशा व्यवस्थेत वस्तू टिकते, पण ती सुधारण्याचे कारण उरत नाही. कारागिराने नवी युक्ती काढली म्हणून बलुत्याचे माप वाढणार नव्हते. आणि गिऱ्हाईक म्हणून निवड करण्याची शेतकऱ्यालाही सवय नव्हती. गावचा चांभार जो जोडा देईल तो घालायचा. निवड या शब्दालाच तिथे जागा नव्हती.

ज्यांना पादत्राण घालण्याचीच मुभा नव्हती, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांनी वहाणा काढून हातात किंवा काखेत घ्यायच्या, ही रीत महाराष्ट्रात आणि निजामाच्या मुलखातही अनेक ठिकाणी पाळली जात होती. जोडा शिवणारा स्वतः तो घालून गावातून चालू शकत नव्हता. या संदर्भात हरळय्याची कथा आठवते. १२व्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या शरण चळवळीत हरळय्या हे चर्मकार होते. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दोनदा नमस्काराने उत्तर दिले, त्या ऋणातून उतराई होण्यासाठी हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, अशी ती कथा. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी धरले. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला आणि त्याची किंमत दोन्ही पित्यांना प्राणांनी मोजावी लागली. कल्याण आणि परभणी पुढे निजामाच्या एकाच राज्यात होते, त्यामुळे ही कथा आमच्या भागाला परकी नाही. ती वाचताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट टोचते. आपल्या परंपरेतला सर्वांत थोर जोडा कोणाच्याच पायात गेला नाही.

आता थोडे बाहेर पाहू. चार्ल्स गुडइयरने १८३९मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली. त्याआधीचे रबर उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ठिसूळ होई. या शोधाच्या आधारावर हायरम हचिन्सन या अमेरिकनाने १८५३मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला आणि गिऱ्हाईक म्हणून शेतकरी डोळ्यांसमोर ठेवला. तिथला शेतकरी तोवर चिखलात लाकडी जोडे घालीत असे. म्हणजे ओल्यातल्या पायांची काळजी त्याच्या परंपरेत आधीपासून होती, रबराने तिला नवे रूप दिले. आपल्याकडे लाकडाच्या खडावा होत्या, पण त्या संन्याशाच्या पायांत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा ब्रिटिश सैन्यासाठी दहा लाखांहून अधिक रबरी बूटजोड बनवले गेले. सैनिकाचा पाय सडला की युद्ध अडते. मग बूट तातडीने तयार होतात. शेतकऱ्याचा पाय सडला तर कोणाचे काही अडत नाही, निदान त्याच रात्री अडत नाही.

भारतात बाटा १९३१मध्ये आली आणि १९३४मध्ये कोलकात्याजवळ बाटानगर उभे राहू लागले. कारखान्यातला जोडा हळूहळू तालुक्याच्या गावी पोहोचला. आमच्या भागात त्याआधी बरेच काही बदलायचे होते. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७मध्ये महाडला मेलेली जनावरे ओढण्याच्या आणि मृतमांसाच्या प्रथेविरुद्ध आवाहन केले होते. १९५६च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या गावांनीही हे काम ठामपणे नाकारले. नाकारणाऱ्यांच्या बाजूने तो माणूसपणाचा प्रश्न होता. गावाच्या बाजूने पाहता कातड्याची जुनी साखळी तुटली. त्याच सुमारास विजेचा पंप आला आणि मोट अडगळीत पडली. मोट गेली तशी चर्मकाराची निम्मी गरज गेली. राज्याने १ मे १९७४ रोजी चर्मकार समाजासाठी महामंडळ स्थापन केले, ज्याला आज संत रोहिदासांचे नाव आहे. पण तोवर गावातल्या जोड्याची जागा रबरी स्लिपर आणि टायरच्या चपलांनी घ्यायला सुरुवात केली होती.

टायरच्या चपलेला इतिहासात तिची जागा द्यायला हवी. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ, ट्यूबचे पट्टे; पाणी लागत नाही, काटा शिरत नाही, वर्षानुवर्षे झिजत नाही. उन्हासाठी चामड्याला आणि काट्यासाठी टायरला तोड नाही. पाण्याचे मात्र तिलाही जमले नाही. चिखल वरून आत येतोच. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८०-९०च्या दशकांत, गमबूट पाहिले ते सरकारी कामगारांच्या पायांत. शेतकऱ्याच्या पायांत नव्हते.

यानंतरचा बदल आमच्या विद्यार्थ्याच्या झोपेशी येऊन भिडतो. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण जिंतूर तालुक्यात आहे. ते १९६८मध्ये पूर्ण झाले. पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तिथून कालव्यांना सुटते. येलदरीच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे. तालुक्यातल्या बऱ्याच शिवारांची भिस्त मात्र विहिरी आणि बोअरवर, म्हणजेच विजेच्या वेळापत्रकावर. इतर मागणी कमी असते तेव्हा शेतीपंपांना वीज द्यायची, या धोरणाने राज्यभर शेतीचा पुरवठा पाळीने दिवसा आणि रात्री असा विभागला गेला. मोटेच्या काळात पाणी दिवसा दिले जाई, कारण बैलांना आणि मोटकऱ्याला रात्री विश्रांती लागे. पंपाला विश्रांती लागत नाही, म्हणून माणसाचीही गेली. 'गोतावळा'त यंत्र येण्याचे दुःख आहे. यंत्र आल्यावर माणसाचे घड्याळच उलटे होते, हे प्रकरण नंतर आमच्या शिवारात लिहिले गेले. हिवाळ्यात भर रात्री ओल्या शेतात उभे राहणे ही पूर्वापार चालत आलेली गोष्ट आहे, असा समज वर्गात अनेकांचा असतो. तिचे हे एवढे सार्वत्रिक रूप मात्र दोन-तीन पिढ्यांपलीकडचे नाही.

रात्र आली की थंडीबरोबर दुसरे भय येते. घोणस, नाग, मण्यार यांची भेट बहुधा पायाशीच होते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यातले बहुसंख्य ग्रामीण भागातले, आणि चावे मुख्यतः पायांना. पोटरीपर्यंतचा जाड बूट हा इथे ऊब देण्यापलीकडचे काम करतो. प्रेमचंदांच्या 'पूस की रात' (१९३०) या कथेतला हल्कू कांबळ्यावाचून रात्र काढतो, ते आम्ही तुलनात्मक साहित्यात शिकवतो. त्याच्या पायांत काय होते, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

म्हणून आम्ही बाजारात गेलो. दुकानदारांशी, गमबूट वापरणाऱ्या शेतकऱ्यांशी बोललो, आणि जे समजले ते इथे नोंदवतो. साहित्याच्या पानावर ही नोंद काहींना अस्थानी वाटेल, पण मोटेच्या वर्णनाला आपण ललित म्हणतो तर गमबुटाच्या वर्णनाने काय पाप केले?

बाजारात दोन जाती आहेत. एक रबराचा, दुसरा पीव्हीसीचा. पीव्हीसीचा स्वस्त असतो. एकसंध ओतलेला असल्याने त्याला शिवण नसते, आणि जुन्या जोड्याचा सगळ्यात मोठा दोष तिथेच संपतो. परंतु हलका पीव्हीसी थंडीत कडक होतो आणि पाय वाकतो त्या घडीवर पुढे तडकतो. रबर महाग, जड, पण थंडीत लवचीक राहतो. भारतीय मानक ब्युरोने रबरी बुटांसाठी आय.एस. ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटांसाठी आय.एस. १२२५४ ही मानके ठरवली आहेत. तळावर किंवा आत ती खूण आहे का ते पाहावे. तळाच्या नक्षीचे दात रुंद आणि विरळ असावेत. बारीक, दाट नक्षीत काळी माती जाऊन बसते आणि चार पावलांत तळ गुळगुळीत होतो. उंची पोटरीपर्यंतची पुरते. गुडघ्यापर्यंतचा बूट नाल्यात बरा, पण दारे धरताना सारखे वाकावे लागते आणि तो गुडघ्यामागे काचतो. आतून पाय घामाने ओला होतो, तेव्हा बाहेरचे पाणी अडवून उपयोग काय, असा प्रश्न पुष्कळांनी केला. त्यावर जाड मोजे, ते रोज बदलणे आणि बूट उलटे टांगून वाळवणे हाच उपाय आहे. चुलीजवळ मात्र ठेवू नयेत. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मोजे घालून माप घ्यावे, टाच आत सरकते का ते चालून पाहावे. सैल बूट काळ्या चिखलात रुततो आणि पाय तेवढा वर येतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला दुकानातच लागली. आम्ही पाहिलेल्या दुकानांत गमबूट पुरुषांच्या मापाचे होते. रब्बीच्या शेतात पहाटे ओल्याला पाय लावणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. कापसाची वेचणी दहिवरातच सुरू होते. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे आंब उतरते, पूर्वी फडके फिरवून ती गोळा करीत आणि पोटदुखीवर औषध म्हणून ठेवीत. भेगाळलेल्या पायांनी त्या रानातून चालताना ती कशी झोंबते, ते खुरपायला जाणारी कोणतीही बाई सांगेल. त्यांच्या मापाचा बूट मागितला तर दुकानदार म्हणाला, "बायका मागतच नाहीत." मागत नाहीत म्हणून ठेवत नाहीत, आणि ठेवत नाहीत म्हणून मागायचे सुचत नाही. बलुत्याच्या काळात निवड कारागिराच्या हाती नव्हती, गिऱ्हाइकाच्याही नव्हती. आता बाजार आला आहे, तरी निवडीचा हक्क अजून सगळ्यांच्या पायापर्यंत पोहोचलेला नाही.

यावर खरा उपाय बुटाचा नाही, विजेचा आहे, असे कोणी म्हटले तर ते आम्हाला मान्य आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती पोहोचली तिथे रात्रीचे दारे सुटले. जिथे नाही, तिथे गहू वाट पाहत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने संक्रांतीच्या आधी गमबूट घेतले. आमचा सल्ला तयार होण्यापूर्वीच, वडिलांसाठी. पुढे त्याच्या शेतावर जाण्याचा योग आला. संध्याकाळी पाणी चालू होते. वडील बूट घालून बांधापर्यंत आले, तिथे ते उतरवून नीट जोडीने ठेवले आणि उघड्या पायांनी वाफ्यात उतरले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. काळ्या आईवर जोडा घेऊन जायचा नाही, ही जुनी श्रद्धा; किंवा मग पाण्याची उब पायाने ओळखण्याची ती विद्या. आमच्यापैकी एकाने मनातल्या मनात पुढच्या तासाचे टिपणही तयार केले असावे. आम्ही विद्यार्थ्याला म्हणालो, "बाबांची जमिनीवर फार श्रद्धा दिसते."

तो हसला. म्हणाला, "श्रद्धा कायची सर, माप चुकलंय. दोन नंबर मोठे हायत, चिखलात निघून येतेत. दुकानात व्हते तेवढेच व्हते."